कर्बोदके आणि शरीरातील मेद

आहारातील पिष्ट, शर्करा व तंतू यांचा अंगावरच्या चरबीशी असलेला संबंध. कर्बोदकाच्या एका ग्रॅमातून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, मेदाच्या एका ग्रॅमातून ९. गरजेपेक्षा जास्त ऊर्जा पोटात जात राहिली की मेद वाढतो, मग ती भाकरीतून येवो वा श्रीखंडातून. तो शरीरात कुठे साठतो आणि माणूस मुळात किती खातो, हे मात्र कर्बोदकाच्या प्रकारावर बरेच अवलंबून असते.

भात, पोळी, बटाटा यांतील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोज होते. ते रक्तात उतरताच स्वादुपिंड इन्शुलिन सोडते आणि यकृत व स्नायू ग्लुकोज उचलून ग्लायकोजेनच्या रूपात ठेवतात. या साठ्याला मर्यादा आहे : प्रौढाच्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम, स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास. त्यावरचे ग्लुकोज लगेच चरबी होते, ही समजूत रूढ असली तरी चुकीची आहे. नेहमीच्या आहारात ग्लुकोजपासून नवा मेद फार थोडा बनतो. शरीर आधी ग्लुकोज जाळते. तोवर इन्शुलिन मेदपेशींतली चरबी बाहेर पडू देत नाही आणि जेवणातले तेल-तूप साठून राहते. भाताने सुटलेले पोट बहुतांशी असे सुटलेले असते.

फ्रुक्टोजचे तसे नाही. साखरेचा निम्मा भाग असलेल्या या शर्करेचा चयापचय मुख्यतः यकृतात होतो आणि त्यावर इन्शुलिनचा अंकुश नसतो. ती भरपूर प्रमाणात, विशेषतः पेयांतून, गेली तर यकृत तिच्यापासून मेद बनवू लागते व रक्तातील ट्रायग्लिसराइडे वाढतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वजन जास्त असलेल्या प्रौढांना १० आठवडे २५ टक्के ऊर्जा ग्लुकोजच्या किंवा फ्रुक्टोजच्या पेयांतून दिली गेली. वजन दोन्ही गटांत जवळपास सारखेच वाढले. पोटातील अवयवांभोवतीची चरबी मात्र फ्रुक्टोजच्या गटात लक्षणीय वाढली. याचा ठपका अख्ख्या फळांवर ठेवू नये. गूळ व मध यांना मात्र साखरेपेक्षा निर्दोष मानण्यास आधार नाही.

तंतू लहान आतड्यात पचत नाहीत, पोट भरल्याची जाणीव टिकवतात. उसळी, ज्वारी, बाजरी, पालेभाज्या यांची बाजू येथे भक्कम आहे. भात शिजवून थंड केल्याने त्यातले थोडे पिष्ट न पचणारे होते, पण केवळ शिळ्या भातावर वजन उतरत नाही.

कर्बोदके सरसकट तोडणे हा उपाय आज लोकप्रिय आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या ६०९ जणांवरील चाचणीत वर्षभरात अल्पमेद गटाचे सरासरी ५.३ किलो, तर अल्पकर्बोदक गटाचे ६ किलो वजन घटले. हा फरक सांख्यिकीदृष्ट्या महत्त्वाचा नव्हता. साखर व मैदा टाळण्यास दोन्ही गटांना सांगितले होते, हे विसरले जाते.

भारतीयांनी अधिक जपायला हवे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही मेदाचे प्रमाण जास्त असते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र आले : दोघांचा देहभार निर्देशांक २२.३, पण मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार मुक्त शर्करा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. २,००० किलोकॅलरींच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅमची होते. चहातली साखर, गूळ, मध आणि फळांचा रस हे सारे तिच्यात मोजायचे असते.