आज्जीच्या टाचा

परवा बाजारात टाचांच्या भेगांसाठी सिलिकॉनचे मोजे पाहिले आणि आज्जी आठवली.

आज्जी उरणकडच्या मिठागरात राबली. खाऱ्या पाण्यात उभं राहून अनवाणी चिखल तुडवायचा. मीठ कातडीतला ओलावा ओढून घेतं, मग टाचा फुटणारच! रात्री ती मुठेल वितळवून भेगांत भरायची. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. ते थिजतं, मुठीत वळून ठेवतात, म्हणून मुठेल. आणि चैन? गूळ-शेंगदाणे, बस्स.

मग बंदर यायचं ठरलं. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबारात ५ जण गेले. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झालं. आमचं मिठागर तोवर गेलं होतं. आज्जीच्या पायात रबरी स्लिपर आली, टाचा मऊ झाल्या. ती म्हणायची, "पाय बरं झालं बाय, पण आता जाऊ कुठं?"

ते मोजेही कदाचित त्याच बंदरातून, एखाद्या कंटेनरमधून आले असतील. मी घेतले नाहीत. मुठेल अजून मिळतं. असो.