साक्षीदार गैरहजर का आहे? : एका कायदेशीर प्रश्नाची चारशे वर्षे

१/ १७ नोव्हेंबर १६०३. इंग्लंडमधील विंचेस्टर येथे सर वॉल्टर रॅली राजद्रोहाच्या आरोपाखाली उभा होता. त्याच्याविरुद्धचा मुख्य पुरावा म्हणजे लॉर्ड कोबहॅमचा जबाब. कोबहॅम जिवंत होता, सरकारच्याच कैदेत होता. तरी न्यायालयात तो आला नाही, आला तो त्याच्या जबाबाचा कागद. रॅलीची मागणी साधी होती : आरोप करणाऱ्याला माझ्यासमोर उभे करा.

२/ मागणी फेटाळली गेली, रॅली दोषी ठरला आणि १६१८ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. पुढच्या पिढ्यांना या खटल्याची लाज वाटली. अमेरिकेच्या राज्यघटनेला १७९१ मध्ये सहावी दुरुस्ती जोडली गेली. आपल्याविरुद्ध साक्ष देणाऱ्याला समोरासमोर पाहण्याचा आरोपीचा हक्क तिने मान्य केला. या हक्काचा इतिहास सांगताना रॅलीचे नाव आजही घेतले जाते.

३/ मित्रहो, आजचा धागा या हक्काच्या सावलीत उभ्या असलेल्या एका प्रश्नाविषयी आहे. साक्षीदार न्यायालयात आला नाही, आणि तो आला नाही याचे कारण स्वतः आरोपीच असेल, तर? तरीही आरोपीने म्हणावे का, की ‘त्याला समोर आणा, नाहीतर त्याचे शब्द वगळा’?

४/ हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो घराच्या चार भिंतींआड. नवरा बायकोला मारतो तेव्हा साक्षीदार बहुधा एकच असते, ती स्वतः. छप्पर त्याचे, पैसा त्याच्या हाती, मुले दोघांची. साक्षीदाराला धमकवायला इथे कुणाला बाहेरून यावे लागत नाही. खटला उभा राहीपर्यंत ती जबाब मागे घेते, निघून जाते किंवा जिवंतच राहत नाही.

५/ म्हणून इथे दोन भये समोरासमोर येतात. एक रॅलीचे भय : उलटतपासणी न झालेल्या कागदावर माणूस फासावर जाईल. दुसरे त्या स्त्रीचे भय : आपल्याला गप्प करणाराच त्या मौनाचा लाभ घेईल. दोन्ही भये खरी आहेत. गेल्या चार शतकांतील अपिले आणि निकाल वाचताना हीच ओढाताण पुन्हापुन्हा दिसते.

६/ सुरुवात १६६६ पासून करू. लॉर्ड मोर्ली या सरदारावर खुनाचा खटला चालणार होता. राणी मेरीच्या काळातील, म्हणजे १५५४-५५ च्या कायद्यांनुसार साक्षीदारांचे जबाब खटल्यापूर्वीच लिहून घेतले जात. ते वाचून दाखवावेत का? न्यायाधीशांनी आधीच ठरवले : साक्षीदार मृत असेल, प्रवासास असमर्थ असेल, किंवा आरोपीने खटपट करून त्याला दूर ठेवले असेल, तरच.

७/ प्रत्यक्ष खटल्यात एक साक्षीदार बेपत्ता निघाला. तो आरोपीनेच दडवला हे मात्र सिद्ध झाले नाही, आणि त्याचा जबाब वाचला गेला नाही. म्हणजे नियम जन्मला त्याच दिवशी त्याची मर्यादाही ठरली : संशय पुरेसा नाही, आरोपीचा हात दाखवावा लागेल. ही मर्यादा लक्षात ठेवा. ३४२ वर्षांनी ती वॉशिंग्टनमध्ये पुन्हा भेटणार आहे.

८/ आता १७८९, लंडनचे ओल्ड बेली न्यायालय. विल्यम वुडकॉकवर पत्नी सिल्व्हिया हिच्या खुनाचा आरोप होता. बेदम मारहाणीनंतर ती मरणासन्न अवस्थेत सापडली. दंडाधिकाऱ्याने शपथेवर तिची हकिकत लिहून घेतली; सुमारे ४८ तासांनी ती गेली. तिचे शब्द ज्यूरीपुढे ठेवायचे कसे, हा पेच मुख्य बॅरन आयर यांच्यासमोर होता.

९/ मेरीच्या कायद्यांखाली तो जबाब बसत नव्हता. उरला एकच दरवाजा, मृत्युपूर्व जबाबाचा. पण इंग्लिश कायद्यात त्यासाठी एक अट होती : आपण आता वाचत नाही, अशी मरणाऱ्याची खात्री असली पाहिजे. मरणाच्या दारातला माणूस खोटे बोलत नाही, ही त्यामागची श्रद्धा. जबाब या वाटेने आत आला आणि वुडकॉक दोषी ठरला.

१०/ दोनच वर्षांनी, १७९१ मध्ये, डिंगलर नावाच्या माणसावर पत्नीच्या खुनाचा खटला चालला. इथेही मृत्यूपूर्वी पत्नीचा जबाब दंडाधिकाऱ्याने घेतला होता. तो वगळला गेला, कारण जबाब देताना आरोपी तिथे हजर नव्हता. दोन स्त्रिया, दोन जबाब. एकीचे शब्द ऐकले गेले, दुसरीचे नाही.

११/ या दोन्ही खटल्यांतील एक अनुपस्थिती लक्षणीय आहे. ‘यानेच तिला मारले, म्हणून ती इथे नाही, म्हणून तिचा जबाब वाचा’ असा युक्तिवाद कुठेही स्वीकारलेला दिसत नाही. साधनांतील हे मौन इतिहासाच्या विद्यार्थ्याने कसे वाचावे? नियमच नव्हता म्हणून? की तो विचार कुणाच्या मनात आला नाही म्हणून? पुढे एका देशाचा कायदा या मौनाच्या अर्थावर बेतला गेला.

१२/ त्या काळी असे प्रश्न खटल्याच्या ओघात न्यायाधीश झटपट निकाली काढीत. इंग्लंडमध्ये गुन्हेगारी अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय उभे राहिले ते १९०७ च्या कायद्याने. अपील म्हणजे केवळ आरोपीला मिळालेली दुसरी संधी नव्हे. ओघात दिलेल्या निर्णयाची कारणे लिहून काढायला भाग पाडणारी ती व्यवस्था आहे. इतिहासकाराला त्यातूनच कागद मिळतात.

१३/ असाच एक मोलाचा कागद अमेरिकेतील यूटा प्रदेशातून आला. जॉर्ज रेनॉल्ड्स हा मॉर्मन पंथाचा. बहुपत्नीत्व त्या काळी पंथाला मान्य, देशाच्या कायद्याला अमान्य. १८७५ मधील पहिल्या खटल्यात त्याच्या दुसऱ्या पत्नीने साक्ष दिली. तो दोषी ठरला, पण ग्रँड ज्यूरीची रचना सदोष होती म्हणून निकाल रद्द झाला.

१४/ दुसऱ्या खटल्याच्या वेळी ती सापडेना. समन्स घेऊन अधिकारी रेनॉल्ड्सच्या घरी गेला. ती कुठे आहे हे सांगायला रेनॉल्ड्सने नकार दिला. न्यायालयाने मग तिची पहिल्या खटल्यातील साक्ष वाचू दिली, आणि तो पुन्हा दोषी ठरला. १८७४ च्या पोलंड कायद्याने बहुपत्नीत्वाच्या खटल्यांना सर्वोच्च न्यायालयाची वाट खुली केली होती. प्रकरण तिथे पोहोचले.

१५/ जानेवारी १८७९ मधील निकाल धर्मस्वातंत्र्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याला हवा आहे त्याचा दुर्लक्षित भाग. मुख्य न्यायाधीश वेट यांच्या म्हणण्याचा आशय असा : घटना आरोपीला त्याच्या स्वतःच्या गैरकृत्याच्या परिणामांपासून वाचवत नाही. साक्षीदार त्याने दूर ठेवला असेल, तर हक्क डावलला गेला अशी तक्रार त्याला करता येणार नाही. १६६६ चा नियम अमेरिकेत रुजला.

१६/ याच दशकात आपल्याकडे काय घडत होते? १८७२ मध्ये जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेला भारतीय पुरावा कायदा आला. त्याच्या कलम ३३ मध्ये, विरुद्ध पक्षाने दूर ठेवलेल्या साक्षीदाराची पूर्वीची साक्ष विशिष्ट अटींवर ग्राह्य ठरवली होती. मोर्ली खटल्यातील तत्त्व अशा रीतीने आपल्याही कायद्यात आले.

१७/ कलम ३२ ने तर इंग्लंडला मागे टाकले. जबाब देताना मृत्यूची अपेक्षा होती की नव्हती, हा प्रश्नच इथे गैरलागू ठरला. जबाब मृत्यूच्या कारणाशी किंवा मृत्यूपर्यंत नेणाऱ्या घटनाक्रमाशी निगडित असला की पुरे. सिल्व्हिया वुडकॉकची आशा सुटली होती का, हे भारतात कुणाला विचारावे लागले नसते.

१८/ पण दरवाजा रुंद असणे म्हणजे शिक्षा नक्की असणे नव्हे. पुण्यातील एका नवविवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात तिने माहेरच्यांना आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे पुढे आली. सत्र न्यायालयाने पतीला दिलेली फाशी मुंबई उच्च न्यायालयाने कायम केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील मुख्य निकालपत्राने अशी पत्रे कलम ३२ च्या कक्षेत आणली, आणि तरीही पुराव्याची साखळी अपुरी ठरवून न्यायालयाने पतीला निर्दोष सोडले.

१९/ हा निकाल प्रथम वाचला तेव्हा मी अस्वस्थ झालो होतो. पुन्हा वाचताना लक्षात आले की न्यायालयापुढे दोन वेगळे प्रश्न होते : तिचे शब्द ऐकायचे का, आणि त्या शब्दांनी गुन्हा सिद्ध होतो का. पहिल्याचे उत्तर ‘हो’ असताना दुसऱ्याचे ‘नाही’ असू शकते. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे म्हणून आजही न्यायालये याच निकालाचा आधार घेतात.

२०/ पुन्हा अमेरिकेकडे. १९८० पासून तिथे अशा जबाबांची कसोटी ‘विश्वासार्हता’ ही होती. ८ मार्च २००४ रोजी ‘क्रॉफर्ड विरुद्ध वॉशिंग्टन’ या निकालात न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी ती मोडीत काढली. रॅलीचाच दाखला देऊन त्यांनी ठरवले की साक्षीच्या स्वरूपाचे जबाब उलटतपासणीशिवाय आत येणार नाहीत. घरगुती हिंसाचाराच्या खटल्यांना याचा मोठा फटका बसला.

२१/ जून २००६ मध्ये दोन अपिलांचा निकाल एकत्र लागला. एकात, मारहाण चालू असताना स्त्रीने ९११ वर केलेला फोन होता. दुसऱ्यात, पोलीस घरी पोहोचल्यावर, प्रसंग शमल्यानंतर पत्नीने लिहून दिलेला जबाब होता. दोघीही खटल्यात साक्षीला आल्या नव्हत्या. फोन ग्राह्य ठरला, कारण ती मदतीची हाक होती. लेखी जबाब वगळला गेला, कारण ती साक्ष होती.

२२/ त्याच निकालात न्यायालयाने मान्य केले की या गुन्ह्यात पीडितेवर दबाव येण्याची शक्यता फार मोठी असते. ज्याने साक्षीदाराला गप्प केले त्याने आपला हक्क गमावला, हेही पुन्हा सांगितले. मग पुढचा प्रश्न अटळ होता : तिला ठारच मारले असेल तर?

२३/ तो प्रश्न ‘जाइल्स विरुद्ध कॅलिफोर्निया’ घेऊन आला. २००२ मध्ये आरोपीने आपल्या पूर्वीच्या प्रेयसीवर गोळ्या झाडल्या, बचाव स्वसंरक्षणाचा. सुमारे तीन आठवडे आधी तिने रडत पोलिसांना सांगितले होते की त्याने गळा दाबला, मारले, चाकू दाखवून धमकावले. खालच्या न्यायालयांनी तिचे शब्द आत घेतले : त्याच्याच कृत्याने ती नाही, मग तक्रार कसली?

२४/ २५ जून २००८ रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी तो निकाल रद्द झाला. स्कॅलिया यांनी वुडकॉक आणि इतर जुन्या खटल्यांतील मौनाकडे बोट दाखवले. त्यांच्या मते, खून केला एवढे पुरेसे नाही. साक्ष रोखण्याच्या हेतूने केला हे दाखवावे लागेल. ज्यूरीने ठरवण्याआधीच न्यायाधीशाने त्याला खुनी मानून त्याचा हक्क काढून घेणे, म्हणजे निकाल आधी आणि खटला नंतर.

२५/ न्यायमूर्ती ब्रेयर यांचा विरोध इतिहासाच्या वाचनालाच होता. जुने न्यायाधीश गप्प राहिले याची इतर कारणे असू शकतात. शिवाय ज्याला मारले ती बोलू शकणार नाही, हे मारणाऱ्याला ठाऊकच असते. न्यायमूर्ती सूटर यांनी बहुमतात राहून मधली वाट दाखवली : छळाच्या नात्यात एकटे पाडणे आणि मदतीपासून तोडणे हाच हेतू असतो, तोच साक्ष रोखण्याचा हेतू का मानू नये?

२६/ माझे मत सूटर यांच्याकडे झुकते, आणि त्याचे कारण इतिहासातलेच आहे. अठराव्या शतकातील ती कागदपत्रे पुरुषांनी, पुरुषांच्या न्यायालयात लिहिली. त्यांत एखादा युक्तिवाद नाही, एवढ्यावरून तो युक्तिवाद चूक होता असे ठरत नाही. कदाचित तो मांडू शकणारी व्यक्ती त्या खोलीत नव्हती. पण मोर्ली खटल्याचा इशाराही सोडता येत नाही : आरोपीचा हात गृहीत धरायचा नाही, दाखवायचा.

२७/ भारतात साक्षीदाराला धमकावणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला तो २००६ पासून लागू झालेल्या कलम १९५अ मुळे. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाची मान्यता मिळाली डिसेंबर २०१८ मध्ये. स्टीफन यांची ती दोन कलमे आता भारतीय साक्ष अधिनियमात २६ आणि २७ या क्रमांकांनी नांदत आहेत.

२८/ गैरहजर साक्षीदाराचे शब्द कधी ऐकायचे, याचे चोख उत्तर चारशे वर्षांत कुणाला सापडले नाही. मात्र ती जिवंत असताना, स्वतःच्या पायांनी साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत पोहोचली, तर रॅलीचेही समाधान होते आणि तिचेही. जुने निकाल वाचताना म्हणूनच एक सवय लावून घ्या : साक्षीदार गैरहजर दिसला की, तो का गैरहजर आहे, हे आधी शोधा. धागा समाप्त.