परदेशी गेलेला नागरिक आणि मायदेशाचा कायदा



मागच्या खेपेला सॉक्रेटिसाच्या तुरुंगवासाबद्दल बोलताना आम्ही एक धागा सुटा ठेवला होता. आज तिथूनच सुरुवात करू. इसवी सन पूर्व ३९९. सॉक्रेटिसाला मृत्युदंड झालेला आहे आणि त्याचा मित्र क्रिटो भल्या पहाटे तुरुंगात येऊन सांगतो, की पळून जायची सगळी व्यवस्था केली आहे, थेसलीत माझी माणसं आहेत. सॉक्रेटिस नाही म्हणतो. तो कल्पना करतो, की अथेन्सचे कायदेच समोर उभे राहून त्याला जाब विचारताहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आम्ही तुला वाढवलं, शिकवलं. आम्ही पटत नव्हतो तर आपली चीजवस्तू घेऊन कुठेही जायची तुला मोकळीक होती. तू गेला नाहीस, राहिलास. म्हणजे आमचं ऐकायचं कबूल केलंस.

आता यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. राहिला तो बांधला गेला, गेला तो सुटला. पण जो गेला आणि तरीही सुटला नाही, त्याचं काय? नोकरीसाठी, शिक्षणासाठी गेलेला, खिशात अजूनही मायदेशाचाच पासपोर्ट असलेला माणूस. त्याच्याशी अथेन्सचे कायदे काय बोलले असते? प्लेटोने हे लिहिलेलं नाही. इतिहासाने मात्र लिहिलं आहे, आणि तेच आज बघायचं आहे.

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून पडला नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात काही वर्षांपूर्वी परदेशातून एक जाड पाकीट आलं. मुलगी लग्न होऊन तिकडे गेली होती, वर्षभरात माहेरी परत आली होती. पाकिटात घटस्फोटाच्या दाव्याची नोटीस होती. तारीख तीन आठवड्यांवर. तिच्या वडिलांनी आम्हाला विचारलं, "सर, लग्न इथं कार्यालयात लागलं, आणि मोडायचं ते तिथल्या कोर्टाने? आपला कायदा काहीच म्हणत नाही का?" आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. उत्तर ठाऊक नव्हतं. म्हणून वाचायला बसलो.

आधी थोडं मागे जाऊ. राजसत्तेच्या काळात उत्तर सोपं होतं. १६०८ साली इंग्लंडात रॉबर्ट कॅल्विन नावाच्या स्कॉटिश बालकाचा खटला गाजला. त्यात न्यायाधीशांनी सांगितलं, की राजाशी निष्ठा ही जन्माने जडते. आणि जी जन्माने जडते ती माणसाला मनाला येईल तेव्हा उतरवून ठेवता येत नाही, असंच मग तिथला कायदा मानत आला. याचा परिणाम पुढे दोनशे वर्षांनी दिसला. ब्रिटिश आरमार अमेरिकन जहाजं अडवून त्यांवरचे खलाशी ओढून नेत असे. खलाशी म्हणायचा, मी आता अमेरिकन नागरिक आहे. आरमार म्हणायचं, तू जन्माने राजाचा आहेस, चल. १८१२च्या ब्रिटन-अमेरिका युद्धाचं हे एक मोठं कारण. ब्रिटनने आपल्या प्रजाजनाला दुसरं नागरिकत्व घेऊन मोकळं व्हायची परवानगी कायद्याने दिली ती थेट १८७० साली.

फ्रान्सने दुसरी वाट काढली. १८०४च्या नेपोलियनच्या नागरी संहितेतलं तिसरं कलम असं, की व्यक्तीचा दर्जा आणि तिची कायदेशीर पात्रता यांविषयीचे कायदे फ्रेंच माणसाला तो परदेशात राहत असला तरी लागू राहतात. म्हणजे सज्ञान कधी झालात, लग्न करायला पात्र आहात का, हे तुमच्याबरोबर सामानासारखं प्रवास करणार. इंग्रजांनी मात्र अशा बाबतीत नागरिकत्वापेक्षा कायमचं घर कुठे, म्हणजे अधिवास, याला महत्त्व दिलं. आपल्याकडे आला तो हा इंग्रजी विचार.

आणि आपण तर तेव्हा नागरिकही नव्हतो, प्रजा होतो. सावरकरांचं उदाहरण घ्या. मार्च १९१० मध्ये त्यांना लंडनमध्ये अटक झाली. हिंदुस्थानात खटला चालवायला त्यांना परत पाठवायचं ठरलं ते १८८१च्या फरारी आरोपींच्या कायद्याखाली. साम्राज्याच्या एका भागातला आरोपी दुसऱ्या भागात सापडला तर त्याला परत पाठवण्याची त्यात सोय होती. ८ जुलै १९१० रोजी मार्सेल्स बंदरात त्यांनी 'मोरिया' बोटीवरून उडी घेतली, फ्रेंच किनारा गाठला, आणि पुन्हा ब्रिटिशांच्या ताब्यात गेले. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं आणि १९११ साली निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. सावरकरांच्या राजकारणाबद्दल तुमचं-आमचं मत काहीही असो. मुद्दा एवढाच, की पकडायची वेळ आली तेव्हा मुंबईच्या कायद्याला लंडन लांब पडलं नाही. लंडनमध्ये मिळणारं संरक्षण मात्र त्यांना पुरलं नाही.

म्हणजे काय तर, कायद्याला दोन हात असतात. एक धरणारा, एक आधार देणारा. सीमा ओलांडताना दोन्ही हात बरोबर निघतात का, हा आमचा प्रश्न आहे.

स्वतंत्र भारतात धरणारा हात कायम राहिला. भारतीय दंड संहितेच्या चौथ्या कलमात तरतूद होती, की भारताच्या नागरिकाने जगात कुठेही गुन्हा केला तरी ही संहिता त्याला लागू आहे. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरतूद तीच आहे. अशा गुन्ह्याची इथे चौकशी आणि सुनावणी चालवायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते, हा त्यावरचा लगाम.

दुसरा हात कसा आला बघा. १९६७ पर्यंत आपल्याकडे पासपोर्ट कुणाला द्यावा, कुणाला नाही, हे ठरवणारा कायदाच नव्हता. सरकारची मर्जी. त्या वर्षी सतवंतसिंग सहानी या व्यापाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने सांगितलं, की परदेशी जाणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, कायद्याशिवाय ते अडवता येणार नाही. मग त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. पुढे मनेका गांधींचा पासपोर्ट कारण न सांगता अडकवून ठेवला गेला, आणि १९७८च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की नुसता कायदा असून भागत नाही, त्याची कार्यपद्धती न्याय्यही हवी. आज आपण पासपोर्ट हक्काने मागतो, त्यामागे ही दोन माणसं कोर्टाची पायरी चढली होती.

आता त्या पाकिटाकडे येऊ. वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी, सर्वोच्च न्यायालय, १९९१. लग्न १९७५ साली तिरुपतीला, हिंदू पद्धतीने. नवऱ्याने अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या कोर्टातून घटस्फोट मिळवला आणि इथे येऊन दुसरं लग्न केलं. पहिल्या पत्नीने द्विभार्या प्रतिबंधाखाली तक्रार केली. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालात तो परदेशी हुकूमनामा मानायला नकार दिला आहे. कारण लग्न ज्या कायद्याखाली लागलं त्या कायद्याला त्या कोर्टाचा अधिकारही मान्य नव्हता आणि घटस्फोटाचं कारणही. शिवाय पत्नीने त्या कोर्टाचा अधिकार स्वीकारलेला नव्हता. हिंदू विवाह कायदा भारतात अधिवास असलेल्या हिंदूला भारताबाहेरही लागू आहे, हे त्याच्या पहिल्याच कलमात आहे.

हा आधार देणारा हात. आम्ही त्या वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झाला. पण तुम्हाला अर्धंच सांगणं बरोबर नाही. एक तर अशी नोटीस फडताळात टाकून द्यायची नसते, वकिलाला दाखवायची असते. आपण तिथे हजर होऊन खटला लढवला किंवा संमती दिली, तर चित्र बदलतं. दुसरं म्हणजे आपल्या न्यायालयाने हुकूमनामा नाकारला म्हणून तो तिथे रद्द होत नाही. एकच बाई तिथे घटस्फोटित आणि इथे विवाहित. हक्क इथे शाबूत, आणि पोटगी ज्याच्याकडून वसूल करायची तो समुद्रापलीकडे. नीरजा सराफ खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहांसाठी वेगळा कायदा करण्याचा विचार व्हावा असं सुचवलं. २०१९ मध्ये राज्यसभेत अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचं एक विधेयक मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही. हात आहे, पण तो पोचत नाही.

आणखी एक बाजू. रत्नागिरी, रायगडातून आखातात जाणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असेल. १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशांसह ठराविक देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी घ्यावी लागते. हेतू चांगला आहे. वेठबिगारीसारख्या कराराने मॉरिशस, फिजी, नाताळला गेलेल्या मजुरांचे हाल आपण पाहिले होते, त्या अनुभवातून १९२२चा कायदा आला आणि त्याच्या जागी हा. पण परिणाम असा, की दहावी पास सरळ विमानात बसतो आणि नापास झालेल्याला आधी कचेरी गाठावी लागते. संरक्षण ज्याला सर्वांत जास्त हवं, त्यालाच ते अडथळ्यासारखं भेटतं. मग तो दलालाकडे जातो. दलालाच्या मार्गाने गेला, की कायद्याचा आधार सुटलाच.

आणि मत? २०१० च्या दुरुस्तीने परदेशस्थ नागरिकाला मतदारयादीत नाव घालता येतं. मत द्यायला मात्र गावच्या मतदान केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं. सैनिकाला, दूतावासातल्या कर्मचाऱ्याला टपालाने मत देता येतं. दुबईतल्या गवंड्याने तिकीट काढून चिपळूणला यायचं. अमेरिकेतल्या इंजिनिअरचीही गत तीच, फक्त त्याला तिकीट परवडतं. शेवटी कंटाळून त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, की नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे इथलं आपोआप संपतं. ओसीआय कार्ड मिळतं, मत नाही.

तर आता क्रिटोतल्या त्या कायद्यांना आपण उलटा प्रश्न विचारू शकतो. तुम्ही म्हणालात, आम्ही वाढवलं, म्हणून आमचं ऐक. मान्य. पण ज्याच्यामागे तुम्ही परदेशापर्यंत जाता, त्याच्या बाजूनेही तिथपर्यंत जाता का? सॉक्रेटिसाचा करार दुतर्फा होता. मायदेशाने गेलेल्या माणसावर हक्क सांगावा, त्यात अन्याय नाही. अन्याय तेव्हा होतो, जेव्हा धरणारा हात सातासमुद्रापार पोचतो आणि आधार देणारा हात विमानतळावरच थांबतो.

त्या मुलीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. तिने वकिलामार्फत उत्तर धाडलं, इथे दावा केला, आणि बरीच वर्षं तारखांना गेली. आता ती नोकरी करते. मध्यंतरी रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "काका, कायदा माझ्या बाजूने होता हो. फक्त तो फार हळू चालतो." आम्ही चाळीस वर्षं न्यायाची संकल्पना शिकवली. यावर आम्हाला उत्तर सुचलं नाही.

तुम्हाला सुचलं तर प्रश्नोत्तरांत जरूर सांगा. आज इथेच थांबतो.