घरच्या घरी साबण : रंगसंगतीआधी सावधगिरी

दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान उटण्याइतकेच सुगंधी साबणाच्या नव्या वडीमुळेही लक्षात राहते. ही वडी दुकानातून आणण्याऐवजी स्वतःच्या हाताने घडवावी, तिला पानाफुलांचा आकार द्यावा आणि आप्तेष्टांना भेट म्हणून पाठवावी, अशी हौस अनेकांना असते. छंद सुंदर आहे आणि फारसा खर्चिकही नाही. मात्र घरी साबण करण्याच्या दोन निरनिराळ्या पद्धती आहेत. त्यांतील एक मुलांच्या सुट्टीतही करता येण्याजोगी, तर दुसरी प्रयोगशाळेची शिस्त मागणारी आहे. हा भेद ध्यानात न घेता केलेली सुरुवात अंगाशी येऊ शकते.

साबण तयार होतो कसा?

तेल किंवा चरबी आणि तीव्र क्षार यांच्या रासायनिक क्रियेतून साबण व ग्लिसरीन हे दोन पदार्थ तयार होतात. घट्ट वडीच्या साबणासाठी सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक सोडा, वापरला जातो. ‘आमच्या साबणात कॉस्टिक नाही’ असे म्हटले जाते, तेव्हा त्याचा अर्थ इतकाच, की तयार वडीत तो शिल्लक राहिलेला नाही. क्षाराशिवाय तेलाचा साबण होत नाही.

पहिल्या पद्धतीत ही क्रिया कारखान्यात आधीच पूर्ण झालेली असते. तयार सोप बेस आणून तो वितळवायचा, त्यात रंग व सुगंध मिसळायचा आणि साच्यात ओतायचा. दुसऱ्या, म्हणजे ‘कोल्ड प्रोसेस’ पद्धतीत तेल व कॉस्टिक सोडा यांची क्रिया घरीच घडवावी लागते. नवशिक्यांनी पहिल्याच पद्धतीने सुरुवात करणे श्रेयस्कर.

साहित्य

पारदर्शक किंवा पांढरा सोप बेस ५०० ग्रॅम, सौंदर्यप्रसाधनांत चालणारा रंग किंवा मायका पावडर पाव चमचा, त्वचेसाठी योग्य असे सुगंधी तेल ५ ते १० ग्रॅम, सिलिकॉनचे साचे, आयसोप्रोपिल अल्कोहोल भरलेली फवारणीची बाटली, स्वयंपाकघरातील वजनकाटा आणि असल्यास तापमापक. एवढ्या साहित्यात सुमारे १०० ग्रॅमच्या पाच वड्या होतात.

कृती

सोप बेसचे लहान तुकडे करावेत. मोठ्या पातेल्यात पाणी गरम करून त्यात तुकड्यांचे लहान भांडे ठेवावे. भांडे थेट आचेवर ठेवू नये. बेस ६० ते ७० अंश सेल्सिअसला वितळतो. त्याला उकळी येऊ देऊ नये, अन्यथा त्यातील पाणी उडून वडी चिवट होते. मिश्रण हलक्या हाताने ढवळावे. जोराने ढवळल्यास फेस येतो.

भांडे खाली उतरवून प्रथम रंग व नंतर सुगंध मिसळावा आणि मिश्रण साच्यात ओतावे. वर आलेले बुडबुडे अल्कोहोलचा हलका फवारा मारताच नाहीसे होतात. हा द्रव ज्वालाग्राही असल्याने फवारणीपूर्वी शेगडी बंद केलेली असावी. चार ते सहा तासांत वडी साच्यातून निघते. घाईने फ्रीझरमध्ये ठेवल्यास बाहेर काढल्यावर तिच्यावर पाणी जमते.

सजावटीचे तंत्र

दोन रंगांचे थर हवे असल्यास पहिल्या थरावर साय धरू द्यावी, तिच्यावर अल्कोहोल फवारावे आणि मगच दुसरे मिश्रण, सुमारे ५० अंशांपर्यंत निवल्यावर, ओतावे. फवारा चुकला तर वापरताना थर सुटतात. मिश्रण फार गरम असेल तर खालचा थर वितळतो. रंगीत साबणाचे छोटे आकार कापून पारदर्शक बेसमध्ये बसवले, तर वडी काचेतील नक्षीसारखी दिसते.

स्वयंपाकघरातील काही पदार्थ मात्र येथे दगा देतात. साबण क्षारधर्मी असल्याने हळदीला त्यात तांबूस छटा येऊ शकते. हळद व चुना यांपासून कुंकू होते, ते याच गुणधर्मामुळे. गुलाबाच्या पाकळ्या काही दिवसांत तपकिरी पडतात. ताजे दूध, फळांचा गर किंवा कोरफडीचा ताजा गर घातल्यास वडी लवकर खराब होते. दालचिनी व लवंगेच्या तेलाने त्वचेची आग होऊ शकते. नवा सुगंध वापरताना आधी कोपराच्या आतील बाजूस वडी लावून पाहावी.

या बेसमध्ये ग्लिसरीनचे प्रमाण अधिक असते व ते हवेतील ओलावा शोषते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, वडीला ‘घाम’ फुटतो. म्हणून वडी घट्ट होताच ती प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळावी.

कॉस्टिक सोडा हाताळताना

पहिल्या पद्धतीत हात बसल्यावर दुसरीकडे वळण्यास हरकत नाही. मात्र तेथे अंदाजाला थारा नाही. १०० ग्रॅम खोबरेल तेलाचे साबणात रूपांतर होण्यास सुमारे १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तर तितक्याच ऑलिव्ह तेलाला साधारण साडेतेरा ग्रॅम पुरतो. कृतीतील खोबरेल संपले म्हणून ऑलिव्ह तेल घातले आणि सोडा तोच ठेवला, तर उरलेला क्षार वडीत राहून त्वचा भाजतो. तेल बदलले की हिशेब नव्याने करावा आणि सुमारे पाच टक्के तेल शिल्लक राहील इतका सोडा कमी घ्यावा.

सोडा नेहमी पाण्यात घालावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. विरघळताना द्रावणाचे तापमान ८० अंशांच्या पुढेही जाऊ शकते. ॲल्युमिनियमचे भांडे वापरल्यास ज्वलनशील हायड्रोजन वायू निर्माण होतो, म्हणून स्टीलचेच घ्यावे. डोळ्यांवर गॉगल, हातांत रबरी मोजे, उघडी खिडकी आणि मुले स्वयंपाकघराबाहेर, हे नियम मोडू नयेत. नळ साफ करण्याची पूड साबणासाठी वापरू नये. तिच्यात इतर द्रव्ये असू शकतात. अंगावर थेंब उडाल्यास व्हिनेगर न लावता वाहत्या पाण्याखाली १५ ते २० मिनिटे धुवावे. डोळ्यात गेल्यास धुण्यास लगेच सुरुवात करावी व विनाविलंब रुग्णालय गाठावे. अशी वडी चार ते सहा आठवडे मुरल्यावरच वापरावी.

विक्रीचा विचार असल्यास

स्वतःसाठी किंवा भेट देण्यासाठी साबण करणे वेगळे आणि विकण्यासाठी करणे वेगळे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार अंगाचा साबण हे सौंदर्यप्रसाधन ठरते. विक्रीसाठीच्या उत्पादनास २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. वेष्टनावर घटकद्रव्ये, उत्पादकाचा पत्ता व वापराची मुदत छापणे आवश्यक असते. प्रदर्शनात टेबल मांडण्यापूर्वी याची पूर्तता केलेली बरी.

भेट देतानाही वडीसोबत एका चिठ्ठीवर घटकद्रव्ये व तयार केल्याची तारीख अवश्य लिहावी. घेणाऱ्याच्या त्वचेला काय सोसत नाही, हे देणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही.