गोळीने गुण आला, पण किती? कंबरदुखी आणि पेनकिलरचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त आकडे जरा नीट मांडलेत.

उसण भरली की आपल्याकडे पुढचं सगळं ठरलेलं असतं. बाइकवरून तासभर खड्डे खाल्ले, किंवा गॅसचा सिलिंडर उचलायला वाकलो, कंबरेत चमक निघाली, की दहा मिनिटांत कुणीतरी मेडिकलमधून स्ट्रिप घेऊन येतं. तिच्यावर डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन यातलं काहीतरी लिहिलेलं असतं. चार-सहा दिवसांत कंबर मोकळी होते आणि आपण म्हणतो, गोळीने गुण आला. आजचा प्रश्न एवढाच, की तो गुण गोळीचाच होता हे कुणी आणि कसं तपासलं?

पहिली गोष्ट म्हणजे ही औषधं मुळात कंबरेसाठी बनलीच नव्हती. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला बूट्स नावाच्या कंपनीत स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स हे संशोधक संधिवातावर औषध शोधत होते. अ‍ॅस्पिरिन चालायचं, पण संधिवातासाठी लागणारा डोस पोटाला झेपायचा नाही. 1961 साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी जॉन निकोलसन यांनी आयबुप्रोफेनच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1969 साली ते ब्रिटनमध्ये ब्रूफेन म्हणून आलं. (अ‍ॅडम्स यांनी ते स्वतःवरही वापरलं होतं. मॉस्कोत भाषण द्यायचं होतं, आदल्या रात्रीची जरा जास्त झाली होती, तेव्हा 600 मिलिग्रॅम घेऊन ते उभे राहिले. ही हकीकत त्यांनीच सांगितलेली आहे.) डायक्लोफेनॅक स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी कंपनीचं, 1970च्या दशकातलं. त्याचंही पहिलं लक्ष्य संधिवातच.

ही औषधं शरीरात करतात काय, हे 1971 साली जॉन वेन यांनी लंडनमध्ये दाखवलं. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार होतात, त्यांच्यामुळे सूज येते आणि दुखणं वाढतं. अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या भावंडांमुळे ते बनणंच अडतं. 1982 साली वेन यांना या कामासाठी नोबेल विभागून मिळालं. पण तेच प्रोस्टाग्लँडिन जठराच्या आतल्या अस्तराचं रक्षणही करतात. म्हणून तर डॉक्टर पेनकिलरबरोबर पोटाची गोळी लिहून देतात.

संधिवातात सांधा लाल होतो, सुजतो, हात लावला की गरम लागतो. तिथे सूज उतरवणारं औषध देण्यात सरळ अर्थ आहे. कंबरदुखीत मात्र बहुतेक वेळा नेमकं काय बिघडलंय ते सापडतच नाही, आणि डॉक्टरी भाषेत तिला ‘नॉन-स्पेसिफिक’ म्हणतात. तरी औषध हाताशी होतं आणि दुखणारे लोकही होते. चाचण्या सुरू झाल्या.

त्यातल्या बऱ्याच चाचण्यांमध्ये एक पेनकिलर दुसऱ्या पेनकिलरशी लढवलेली असायची. निकाल काय? दोन्ही सारख्याच! जूनमध्ये मुंबईत पाऊस पाडणारे दोन बुवा आणून बसवले तर दोघंही यशस्वी होणार आणि दोघंही बरोबरीत सुटणार. नव्याने भरलेली उसण काही आठवड्यांत आपोआप खूपशी बरी होते, हा इथला मोसमी पाऊस. बुवांशिवाय किती पाऊस पडतो ते मोजल्याशिवाय बुवांचं काही कळत नाही. औषधांच्या जगात त्यासाठी प्लासिबो असते, म्हणजे दिसायला हुबेहूब पण आत औषध नसलेली गोळी.

2000 साली नेदरलँड्सच्या मॉरिट्स व्हॅन टुल्डर आणि सहकाऱ्यांनी कोक्रेन या संस्थेसाठी तोपर्यंतच्या 51 चाचण्या, 6057 रुग्ण, असं सगळं एकत्र तपासलं. दर्जाच्या कसोटीला त्यातल्या 16च चाचण्या उतरल्या. नव्या दुखण्यात प्लासिबोपेक्षा थोडा फायदा दिसला, पण अमुक पेनकिलर तमुकपेक्षा सरस असं काही निघालं नाही. मेडिकलच्या काउंटरवर ‘यापेक्षा स्ट्राँग द्या’ असं जे आपण म्हणतो ना, त्याला इथे फारसा आधार नाही.

मग सिडनी. हा भाग मला सगळ्यात आवडतो. 2007 साली मार्क हँकॉक आणि सहकाऱ्यांनी नुकतीच कंबर धरलेले 240 रुग्ण घेतले. सगळ्यांना आधी दिलासा, हिंडते-फिरते राहा असा सल्ला आणि पॅरासिटामॉल दिलं. त्यावर काहींना डायक्लोफेनॅक, काहींना प्लासिबो. काहींना मणक्यावर हाताने उपचार, तर काहींना नुसतं बंद केलेलं अल्ट्रासाउंड मशीन फिरवलं. डायक्लोफेनॅकमुळे कुणी लवकर बरं झालं नाही, हाताच्या उपचारानेही नाही. जवळजवळ सगळेच 12 आठवड्यांच्या आत बरे झाले.

आता पॅरासिटामॉलवर संशय येणं साहजिक होतं. 2014 साली सिडनीतच 1652 रुग्णांवर ते तपासलं गेलं. निम्मे रुग्ण बरे व्हायला लागलेले दिवस असे: रोज नियमित गोळी घेणारे 17, दुखेल तेव्हा घेणारे 17, आणि प्लासिबोवाले 16.

पॅरासिटामॉल मागे पडल्यावर आपसूकच सूज उतरवणारी पेनकिलर पुढे आली. पुन्हा सिडनी, 2017: गुस्ताव्हो मचाडो आणि सहकाऱ्यांनी फक्त प्लासिबोशी तुलना केलेल्या पाठ-मानदुखीच्या 35 चाचण्या निवडल्या. फायदा खरा होता, पण रुग्णाला जाणवेल अशी जी पातळी त्यांनी धरली होती, शंभरात 10 गुण, तिच्या खालीच राहिला. सहा जणांना गोळी द्यावी तेव्हा एकाला, जो प्लासिबोवर सुधारला नसता, दखल घेण्याजोगा आराम पडतो. पोटाच्या तक्रारींचा धोका मात्र अडीच पट. 2020च्या कोक्रेन आढाव्यात नव्या कंबरदुखीसाठी हा फरक शंभरात सुमारे 7 निघाला.

सात म्हणजे शून्य नव्हे, हे मी मुद्दाम सांगतोय. हमालाला उद्या कामावर उभं राहायचंय, कुणाला रात्रभर कूस बदलता येत नाही, त्यांच्यासाठी दोन-चार दिवस सात गुणसुद्धा मोलाचे असतील. माझा आक्षेप सात गुणांसाठी महिनोन्‌महिने स्ट्रिप चालू ठेवण्यावर आहे. कारण दुसऱ्या पारड्यात पोटातला अल्सर, किडनी आणि हृदय आहे.

हृदयाचं प्रकरण तर कंबरेइतकंच बोलकं. 1999 साली मर्क कंपनीचं व्हायॉक्स आलं, पोटाला सौम्य म्हणून. कंबरदुखीवरही त्याच्या चाचण्या झाल्या. 2000 सालच्या मोठ्या चाचणीत व्हायॉक्स घेणाऱ्यांना नॅप्रॉक्सेन घेणाऱ्यांपेक्षा जास्त हार्ट अटॅक आले. कंपनीचं म्हणणं, आमचं औषध घातक नाही, नॅप्रॉक्सेनच हृदयाला जपतंय. इथेही प्लासिबो नव्हतीच! दुसऱ्या एका चाचणीत ती होती, तिथे धोका उघडा पडला आणि सप्टेंबर 2004मध्ये व्हायॉक्स जगभरातून मागे घेतलं गेलं. भारतातही त्याच वर्षी बंदी आली. 2013 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणात आपल्या ओळखीच्या डायक्लोफेनॅकचा जास्त डोसही याच धोक्याच्या यादीत निघाला: रोज 150 मिलिग्रॅम वर्षभर घेणाऱ्या दर हजार जणांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना सुमारे तीनने जास्त, त्यातली एक जीवघेणी.

आपल्याकडच्या ‘टू इन वन’, ‘थ्री इन वन’ गोळ्यांबद्दल थोडं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये बेंजामिन फ्रीडमन यांच्या गटाने कंबरदुखी घेऊन इमर्जन्सीत आलेल्यांना आयबुप्रोफेनच्या जोडीला पॅरासिटामॉल देऊन पाहिलं. नुसत्या आयबुप्रोफेनपेक्षा काही वेगळं झालं नाही. नॅप्रॉक्सेनमध्ये स्नायू सैल करणारी गोळी मिसळूनही नाही. आणि आपल्या स्ट्रिपवर अजून झळकणारं सेराशिओपेप्टिडेज? ते ज्या जपानमधून आलं, तिथल्या ताकेदा कंपनीने नव्याने चाचणी घेतली, प्लासिबोपुढे ते टिकलं नाही, आणि 2011 साली कंपनीने स्वतःहून ते मागे घेतलं.

शेवटी 2022. मॉन्ट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या लुडा डियाचेंको यांच्या गटाने नव्या कंबरदुखीच्या 98 रुग्णांचं रक्त तपासलं. तीन महिन्यांत जे बरे झाले त्यांच्यात सुरुवातीला सुजेशी संबंधित पेशींची धावपळ जास्त होती. ज्यांचं दुखणं रेंगाळलं त्यांच्यात ती दिसली नाही. उंदरांना डायक्लोफेनॅक दिलं तर तेवढ्यापुरता आराम पडला, पण एकूण दुखणं लांबलं. ब्रिटनच्या बायोबँकेच्या नोंदींतही, ही औषधं घेणाऱ्यांमध्ये दुखणं जुनाट होण्याचं प्रमाण जास्त होतं. यावरून लगेच निष्कर्ष काढू नका हं. ज्यांना मुळातच जास्त दुखतं तेच जास्त गोळ्या घेतात, आणि उंदीर दोन पायांवर बाइक चालवत नाही. हे पक्कं करायचं तर चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना औषध, निम्म्यांना प्लासिबो द्यावी लागेल, आणि कंबर मोकळी झाल्यावरही त्यांच्यामागे वर्ष-दोन वर्षं राहावं लागेल.