ध्वनियंत्रणेची तार : ज्ञान आणि बाजार यांचा एक इतिहास

अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंत ॲम्प्लिफायर व स्पीकर जोडण्यास बहुधा दिव्याची साधी दुपदरी तार वापरली जाई. १९७९ साली नोएल ली यांनी ‘मॉन्स्टर केबल’ ही कंपनी स्थापन केली आणि जाड तार ही स्वतंत्र, महाग वस्तू म्हणून बाजारात रूढ झाली.

वस्तुतः जाडीचे महत्त्व गेओर्ग ओम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या नियमावरूनच स्पष्ट होते. स्पीकर ५ मीटर अंतरावर असल्यास जाण्यायेण्याची तार १० मीटर होते. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याचा रोध तेव्हा सुमारे ०.१७ ओहम, तर २.५ चौरस मिलिमीटरचा सुमारे ०.०७ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे पहिला सुमारे दोन टक्के, दुसरा एक टक्क्याहूनही कमी. यापुढे जाडी वाढवून होणारा लाभ नगण्य ठरतो.

म्हणजेच पुरेशी जाड, शक्य तितकी आखूड तार व पक्के सांधे एवढे साधले, की घरी केलेली तार महागड्या तारेच्या तोडीस उतरते. जे ज्ञान पाठ्यपुस्तकात सर्वांना खुले होते, तेच बाजारात रहस्य म्हणून विकले गेले. विज्ञानशिक्षण वर्गाबाहेर पोहोचले नाही, तर त्याची किंमत ग्राहकाला मोजावी लागते, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.