शिल्लक एक रिंग

वस्तू उघडणं आणि ती पुन्हा बंद करणं या दोन अगदी वेगळ्या विद्या आहेत. पहिली माणूस जन्मतःच घेऊन येतो. दुसरी काहींना मरेपर्यंत येत नाही. मी त्या काहींपैकी एक. तरीही परवाच्या रविवारी मी अण्णांच्या मोटारसायकलचा कार्ब्युरेटर खोलला.

अण्णा म्हणजे माझे वडील. डोळ्यांनी राजीनामा दिल्यापासून ते गाडी चालवत नाहीत. पण दर रविवारी चहा झाला की मी खाली जाऊन गाडी चालू करायची आणि अण्णांनी गॅलरीत बसून ती पाच मिनिटं ऐकायची, असा आमचा शिरस्ता. यंदा पावसात दोन महिने तो चुकला. आतलं पेट्रोल वाळून चिकट झालं आणि गाडीनं मौन धरलं. ‘भंगारवाल्याला द्या,’ असा ठराव सौ.नं मांडला आणि चिरंजीवांनी त्याला अनुमोदन दिलं. अण्णा काहीच बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा मला फार ऐकू येतं.

जुनी परात, अर्धा लिटर रॉकेल आणि निवृत्त टूथब्रश एवढ्या भांडवलावर मी बसलो. पितळी जेट सोन्याच्या मण्यांसारखे लखलखले. जोडणीही झाली. फक्त परातीत एक रबरी रिंग उरली. फुगून कोणत्याच खाचेत बसेना. बँकेत ताळा जुळत नसला की फरकाची रक्कम सस्पेन्स खात्यात टाकतात. मी रिंग शर्टाच्या खिशात टाकली.

पेट्रोलचा कॉक उघडला आणि खालच्या नळीतून धार लागली. गाडी बिघडली की पुरुष दोनच गोष्टी करतो. किक मारतो, नाहीतर वाचायला बसतो. कॉक बंद करून मी वाचायला बसलो.

कार्ब्युरेटरचं काम साधं. हवेत पेट्रोलचा फवारा योग्य प्रमाणात मिसळायचा. त्याचं मूळ सापडतं डॅनियल बर्नुलीत. प्रवाहाचा वेग वाढला की दाब कमी होतो, हे त्यानं १७३८ च्या ‘हायड्रोडायनॅमिका’ या ग्रंथात मांडलं. त्याच्या वडिलांना, योहानना, मुलानं व्यापारात पडावं असं वाटत होतं. म्हणजे आमच्या भाषेत, बी.कॉम. करावं. मुलानं ऐकलं नाही. मुलाचा ग्रंथ आल्यावर या तीर्थरूपांनी त्याच विषयावर आपलाही ग्रंथ काढला आणि त्यावर १७३२ साल घातलं! मागची तारीख टाकणाऱ्याला आमच्याकडे निदान मेमो तरी मिळतो.

पुढे १७९७ साली व्हेंचुरी या इटालियन गृहस्थानं अरुंद गळ्यातून जाणाऱ्या प्रवाहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोटार त्यानं उभ्या जन्मात पाहिली नाही, पण कार्ब्युरेटरच्या गळ्याला आजही त्याचंच नाव आहे. या गळ्यातून हवा जोरात जाते, दाब पडतो आणि खालचं पेट्रोल जेटमधून वर खेचलं जातं.

सुरुवातीला मात्र जेट नव्हते. कार्ल बेंझच्या १८८६ च्या मोटारीत हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून फिरून त्याची वाफ घेऊन जाई. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, मानहाइमहून फोर्टसहाइमला निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. पेट्रोलपंप हा शब्दही नव्हता. कपड्यांचे डाग काढायचं लिग्रॉइन नावाचं द्रव्य तिनं वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं आणि तेच इंधन म्हणून ओतलं. वाटेत इंधनाची नळी तुंबली. म्हणजे आमच्या मिस्त्रीच्या भाषेत, ‘कचरा आला’. बर्थानं टोपीची पिन काढली आणि नळी मोकळी केली. मोटारीची पहिली लांबची सफर आणि पहिला कचरा, दोन्ही एकाच दिवशी!

हे वाचून मी सौ.ची साडीची पिन मागणार होतो. पण नळी निराळी आणि जेट निराळा. जेटचं पितळ मऊ. पिन घातली की केसाएवढं भोक रुंदावतं आणि जेटवर कोरलेला आकडा खोटा ठरतो. पासबुकात एक आणि लेजरला दुसरंच. जेट फुंकून नाहीतर हवा मारूनच साफ करायचा.

फवाऱ्याचा कार्ब्युरेटर आला १८९३ साली. बुडापेस्टच्या बांकी आणि चोंका या जोडीनं त्याचं पेटंट घेतलं. एक फुलवाली तोंडानं नळीतून फुंकून फुलांवर पाणी फवारत होती, ते पाहून त्यांना कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. जर्मनीत मायबाखनंही त्याच वर्षी असाच कार्ब्युरेटर केला. या नव्या रचनेत पेट्रोलची पातळी राखायला फ्लोट असतो. आपल्या गच्चीवरच्या टाकीतला बॉलच तो. पातळी चढली की तो उचलला जातो आणि वरची सुई तोंड बंद करते.

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे सुई बंद होत नाही! पुन्हा खोललं. सुईखाली टूथब्रशचा एक केस अडकला होता. कचरा काढायला गेलेल्यानंच कचरा केला होता.

धार थांबली. आता नवा प्रकार. चोक ओढला की गाडी चालू, सोडला की बंद. चोक हवा अडवतो. तो ओढल्यावरच गाडी जगत असेल, तर एकतर पेट्रोल कमी जातंय किंवा हवा जास्त. स्लोचा जेट काढून उजेडाकडे धरला. भोकातून आभाळ दिसलं. म्हणजे पेट्रोल निर्दोष. मग मी अडाण्यासारखा स्लोचा स्क्रू आत पिळला आणि गाडी अशी किंचाळायला लागली, की रेस सोडली तरी खाली येईना. समोरच्या बाल्कनीत प्रेक्षक जमले.

तेवढ्यात मी जवळच्या गॅरेजात फोन करून पाहिला. तिथल्या मुलानं विचारलं, ‘स्कॅनर लागतो का?’ त्याचा दोष नाही. १९२७ साली अ‍ॅमॅक, बिंक्स आणि ब्राउन अँड बार्लो या तीन इंग्लिश कंपन्यांनी विलीन होऊन ‘अमल’ कार्ब्युरेटर काढला आणि मोटारसायकलींवर कैक वर्षं खरोखरच अमल गाजवला. पण १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-सिक्स आलं आणि नव्या गाड्यांत फवाऱ्याचा हिशेब संगणक ठेवू लागला. कार्ब्युरेटर उघडणारे हात कमी झाले. बंद करता येणारे त्याहून कमी.

गॅलरीतून आवाज आला, “कुठून तरी हवा ओढतेय. इंजिनच्या जोडाभोवती ओलं फडकं धर.”

धरलं. किंचाळणं एकदम अर्ध्यावर आलं. काढलं, पुन्हा किंचाळणं.

“जोडल्यावर काही उरलं होतं का?”

बावीस वर्षांच्या नोकरीत ऑडिटरनं मला इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही. मी खिशातली रिंग वर करून दाखवली. अण्णांना ती दिसणं शक्य नव्हतं, पण माझी शांतता त्यांना पुरली.

“रॉकेलमध्ये बुडवलीस? फुगली असेल. नवी आण. आणि उघडल्यावर बिघडली तर गाडीला दोष देऊ नये. शेवटचा हात कुठे लागला ते बघावं.”

ताळा जुळत नसेल तर शेवटची दुरुस्ती तपासा, हे मी रोज ज्युनियरना सांगतो.

नवी रिंग दहा रुपयांना मिळाली. ती खाचेत निमूट बसली. हवेचा स्क्रू अलगद शेवटपर्यंत आत घेतला, मग दीड फेरा बाहेर. पुढचं सेटिंग कानानं करायचं असतं, आणि कान गॅलरीत होते. अण्णा हातानं खूण करत होते. थोडा आत. अजून. बस्स. गाडी संथ लयीत बोलू लागली. अण्णांनी डोळे मिटले आणि पाच मिनिटांची पंधरा झाली. भंगाराचा ठराव सौ.नं स्वतःच मागे घेतला.

संध्याकाळी शेजारचे काका आले तेव्हा अण्णा त्यांना सांगत होते, “गाडी ना? मी दुरुस्त केली. मागच्याच आठवड्यात.”

मला योहान बर्नुली आठवला. फरक एवढाच, की अण्णांची फक्त तारीख खोटी होती.